काढलेलं शिंग

ही गोष्ट खरी आहे. माझ्या वडिलांच्या मृत्यूची आहे, म्हणून तिच्यात रंग भरायची मला इच्छा नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

१९७८ सालची संक्रांत जवळ आली होती. ठिकाण, कर्जत तालुक्यातलं कशेळे. वेळ दुपारी साडेतीनची. अंगणात लख्ख ऊन होतं.

माझे वडील, घरात तात्या आणि गावात सदूभाऊ, तंबोरे आणि भजनी वीणा तयार करायचे. घराच्या पडवीतच त्यांचं काम चाले. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. तात्या तिच्यावर सांबरशिंगाचा तुकडा बसवून तासायचे. तंबोऱ्याचा आवाज त्या तुकड्यावर ठरतो.

शिंगं आणायचा वरच्या ठाकूरवाडीतला धाऊ. सांबराची शिंगं गळून पडतात, ती तो रानातून वेचून आणायचा. तात्या आधी शिंगाचं बूड बघत. गोल, खरखरीत असेल तर गळलेलं. कवटीचं हाड चिकटलेलं असेल तर मारलेल्या जनावराचं. तसं शिंग ते हातात धरत नसत.

मग रान तुटलं. सांबरं संपली. धाऊ रिकाम्या हातांनी येऊ लागला.

त्याच सुमारास खोपोलीला गाणं शिकवणाऱ्या मोतीबाईंनी तंबोरा करायला सांगितला. तात्यांचे हात तेव्हा कापायला लागले होते. हा शेवटचा, असं ते म्हणाले.

खालापूरकडच्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. भिंतीवर सांबराचं मुंडकं होतं. ही बातमी मीच आणली.

"हाड असंल त्याला," तात्या म्हणाले.

"सत्तर वर्षांपूर्वीचं आहे, तात्या. मारणारा मेला, मरणारं मेलं. आपण नवं पाप करत नाही. वाया जाणारं वाचवतोय."

मी शाळेत शिकवायचे. बरंच वाचलेलं होतं. तात्या माझ्याशी वाद घालत नसत.

ते वाक्य माझं होतं. ते इथे लिहून ठेवते.

मुंडकं टेंपोतून आलं. तात्यांनी एक शिंग कापून घेतलं. बाकीचं गोणपाटाखाली झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धाऊ आला आणि अंगणातच थांबला.

"गळलेलं हाय का काढलेलं?"

"ये रं आत. च्या घे."

"आदी सांगा."

"काढलेलं. पन माज्या आज्याच्या वक्ताचं."

"गळलेलं त्यानं आपल्याला दिलेलं असतं, सदूभाऊ. काढलेलं त्याचंच ऱ्हातं."

तात्या हसले. "म्हंजी मागाया येनार? सत्तर वर्सांनी? आन पत्ता कोन देनार रं त्याला, तू?"

धाऊ हसला नाही.

"त्यातनं आवाज काढनार ना तुमी? मंग पत्ता तुमीच देनार."

चहा न घेताच तो गेला.

तीन दिवस तात्या कानस घेऊन बसले. तारा चढवल्या. पहिली तार छेडली. इतका भरलेला आवाज त्यांच्या हातून मी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या आडवे झाले होते. मी ओट्यावर वह्या तपासत होते.

आधी कोंबड्या गप्प झाल्या.

मग शेजारच्या जनाच्या मुसळाचा आवाज मधेच थांबला.

मग पडवीतून...

"ढांऽक!"

लहानपणी डोंगरावरून हा आवाज यायचा. वाघ-बिबट्या दिसला की सांबर असं ओरडतं, बाकीच्यांना सावध करतं. मग पुढचा पाय जमिनीवर आपटतं.

मी हातातली वही खाली ठेवली.

...ठप्.

आत गेले. तंबोरा भिंतीला टेकून उभा होता. तारा हलत नव्हत्या.

तात्या उठून बसले होते. "नवी घोडी हाय. बसताना लाकूड बोलतं," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

संध्याकाळी जनाला विचारलं, "दुपारी कांडण का गं थांबवलंस?"

"मी कुठं थांबवलं? हात थांबला."

पुढच्या दुपारी तो आवाज दोनदा आला.

त्यानंतरच्या सकाळी मोतीबाई आल्या. तंबोरा मांडीवर घेतला, डोळे मिटले, षड्ज लावला. आणि हात काढून घेतला.

"सदूभाऊ, आवाज सुंदर आहे हो. पण मी सूर लावला की हा श्वास धरतो." थोडं थांबून म्हणाल्या, "घोडी बदला. नुसती लाकडाची चालेल मला."

चाळीस वर्षांत तात्यांचं वाद्य कुणी परत केलं नव्हतं.

"आत्ताच काढा ती," मी म्हटलं.

"आज नगं. आज हात लई कापतोय, जिजे. उद्या काढतो."

त्या दिवशी दुपारी काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी तारा उतरवल्या. चारही. घोडी सुटून हातात आली. मी समोर, अंगणाकडे पाठ करून बसले होते.

कोंबड्या गप्प झाल्या.

आता तारा नव्हत्या. तंबोरा बाजूला पडला होता.

तरीही...

"ढांऽक!"

त्यांच्या मुठीतून.

तात्यांनी मुठीकडे बघितलं नाही. त्यांनी माझ्या खांद्यावरून अंगणात बघितलं.

"जिजे, बाजूला हो."

आवाज अगदी शांत. आलेल्याला वाट करून द्यावी तसा.

मी बाजूला झाले. का झाले, मला माहीत नाही.

ऊन तसंच होतं. पण अंगणातून येणारा वारा थांबला. मधे कुणी उभं राहावं, तसा.

...ठप्.

तात्या भिंतीला टेकले होते. डोळे उघडे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय अडुसष्ट. त्यात नवल नाही.

सांबर कुणाला मारत नाही. ते फक्त सांगतं. मग इतके दिवस ते आपलं शिंग मागत होतं, की तात्यांना सावध करत होतं? मला आजही कळलेलं नाही.

तेराव्यानंतर धाऊ आणि मी मुंडकं डोंगरावर नेलं. त्याने खड्डा खणला. मुंडकं ठेवलं, कापून उरलेलं शिंग जवळ ठेवलं. मग हात पुढे केला.

"घोडी?"

मी ती नेली नव्हती.

"तिच्यावर तात्यांच्या कानशीच्या रेघा आहेत, धाऊ. त्यांचं शेवटचं काम आहे ते."

"काम त्यांचं हाय, ताई. शिंग त्याचं."

"मग तात्या वेगळे काढून दे मला. उरेल ते घेऊन जा."

धाऊने मुंडक्यापुरती माती लोटली. वरचा खड्डा तसाच ठेवला.

"आनाल तवा बुजवू," म्हणाला.

सहा वर्षं झाली. दर पावसाळ्यात तो खड्डा चिखलाने भरतो. दर दिवाळीत धाऊ तो पुन्हा उकरून ठेवतो आणि मला सांगून जातो. मी मान डोलावते.

यंदाही तो आला. अंगणातच उभा राहिला.

"औंदा उकराया गेलो, ताई. तर कुनीतरी आदीच उकरलेला."

"वाडीतल्या कुणी असेल."

"वाडीतलं कोन बी नाय. इचारलं मी." त्याने पायाकडे बघितलं. "आन लांब केलाय. मानूस मावंल येवढा."

तो हे सांगून गेला, त्याला आज आठ दिवस झाले.

मी अजून घोडी दिलेली नाही.