आम्रपालीची दिल्ली

पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात आम्रपाली बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. बाहेर भाद्रपदातला ऊनपाऊस चालला होता. तिला केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली होती, नेमणूक थेट दिल्लीला, आणि त्यासाठी चारित्र्याचा दाखला हवा होता.

"जरा पेन मिळेल?"

शेजारच्या तरुणाने पेन घेऊन भराभरा अर्ज लिहिला. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. "एसटी स्टँडवर मोबाइल चोरीला. नाव बुद्धरत्न, गाव तुडील, सध्या मुक्काम..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "दिल्ली?"

"तीन वर्षं राहिलो, साहेब. तिथे कोणी हात लावला नाही. इथे वडापाव खाईपर्यंत गेला."

आम्रपालीला हसू आवरेना. त्याने वळून पाहिलं... आणि पेन परत देताना टोपण स्वतःच्याच हातात ठेवलं.

पाऊस वाढला म्हणून दोघं पत्र्याखाली थांबले. तो दिल्लीतल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होता. तिने आपल्या नेमणुकीचं सांगितलं. आई नको म्हणते, हेही सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणता?"

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "मला भीती वाटते," ती हळूच म्हणाली, "आणि जायचंही आहे."

आई, सुंदराबाई, अंगणवाडीत मदतनीस. टीव्हीवरची एकेक बातमी ती मनात साठवून ठेवायची. "मुंबईला तुझा बापूस हाय, मामा हाय. दिल्लीत आपलं कोण हाय गो? पोरीची जात... नाय, मी नाय पाठवायची." वडिलांनी फोनवर 'तुझी आय म्हणेल तसं' म्हणून अंग काढून घेतलं होतं.

चार दिवसांनी बुद्धरत्न पुन्हा पोलादपुरात दिसला. मग आणखी दोन दिवसांनी.

"मोबाइल सापडला?"

"शोधतोय."

"पोलीस ठाणं तिकडे आहे. ही माझ्या घरची वाट."

"तिकडे विचारलं. म्हणाले, इकडे बघा."

नदीच्या पुलावर ती थांबायची, तो कठड्याला टेकायचा. डोंगरावरून धुकं उतरून यायचं, समोरचा घाट पुसून टाकायचं, आणि त्या पांढऱ्या पडद्यात दोघंच उरल्यासारखी वाटायची. एकदा तिने थेट विचारलं, "खरं सांगा, दिल्ली घाबरण्यासारखी आहे?"

"मी रात्री आठला सुटतो, चालत घरी जातो. पण मी पुरुष आहे. माझं उत्तर अर्धंच..." मग म्हणाला, "सेजलताईंना विचारा. तिथे आमच्या लॅबमध्येच आहेत, मूळच्या वाशीच्या."

सेजलताई... आम्रपालीने नंबर घेतला, पण घरापर्यंत ते नाव तिच्या चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. फोनवर मागून लहान मूल रडलं आणि एक पुरुष त्याला समजावू लागला, तेव्हा कुठे तिने मोकळा श्वास घेतला. स्वतःचंच तिला हसू आलं.

एके दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "पुलावर तुला भेटतो तो तुडीलचा पोरगा दिल्लीतच असतो ना? चांगला दिसतोय. त्याच्या घरच्यांशी बोलू काय? लग्न करून जा. मग मला घोर नाय."

आम्रपाली पुलावर गेली ती जवळजवळ पळतच. लाजत, अडखळत तिने ते सांगितलं... पण बुद्धरत्न हसला नाही.

"मी परत जाणार नाही, आम्रपाली. रजेवर नव्हतो आलो, मुलाखतीला आलो होतो. एक तारखेला महाडच्या दवाखान्यात रुजू होतोय. आई एकटी पडलीय."

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर पुढचंही बोललो असतो."

"पुढचं काय?"

"की थांब. माझ्यासाठी इथेच थांब." त्याचा आवाज अगदी उतरला. "तुला जायचं होतं. मग ते कसं बोलू?"

ती वळली आणि घराकडे चालू लागली. डोळे भरून आले होते, आनंदाने की रागाने, तिचं तिलाच कळेना. दोन दिवस ती पुलाकडे फिरकली नाही. त्याच्या भरवशावर दिल्लीला जाणं सोपं होतं. त्याच्यासाठी राहणं त्याहून सोपं. पण तो नसताना जायचं का?

तिसऱ्या दिवशी तिने सेजलताईंना फोन लावला आणि आईच्या हातात दिला.

"तुला भ्या नाय वाटत गो?" सुंदराबाईंनी विचारलं.

"वाटतं, मावशी. दोनदा एकजण मागे लागला होता. मी दुकानात शिरले, ओरडले, माणसं जमली. कुठल्या वाटेने जायचं, कुठल्या नाही, ते शिकले. आमच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह आहे, मी स्वतः घेऊन जाईन तिला."

खोटा धीर सेजलताईंनी दिला नाही, म्हणूनच की काय, आईला त्यांचं म्हणणं पटलं. रात्री जेवणं झाल्यावर तिने भांडी घासून ठेवली. मग म्हणाली, "जा. नाय जमलं तर ये परत. कोण काय बोलणार नाय तुला."

निघायच्या सकाळी बुद्धरत्न स्टँडवर आला. सुंदराबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आम्रपालीकडे पाहिलं, आणि पाण्याची बाटली आणायच्या निमित्ताने पार टोकाच्या दुकानाकडे निघून गेल्या. पनवेलची एसटी लागली होती, तिथून पुढे दिल्लीची रेल्वे.

"एकदा म्हण ना," आम्रपाली म्हणाली. आज पहिल्यांदाच ती त्याला अरे-तुरे करत होती.

"काय?"

"थांब म्हण. मी थांबणार नाही. पण ऐकायचंय."

त्याने तिची बॅग गाडीत चढवली. खाली उतरून खिडकीपाशी आला. काच अर्धी उघडी होती, तिची बोटं काठावर होती. त्याने त्यांवर हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला.

तिने डोळे मिटले, तो शब्द पुरता ऐकून घेतला. "दिवाळीला येते," ती म्हणाली. "आईला विचारून ठेव तुझ्या. माझी तर कधीची तयार आहे."

कंडक्टरने घंटी वाजवली. गाडी वळणापर्यंत जाईतो तो तिथेच उभा होता, आणि ती खिडकीतून बाहेर वाकून, वारा तोंडावर घेत, मनमोकळी हसत होती.