आत वळलेले बूट

तुतीच्या मळ्यातल्या खुंट्या चौथ्यांदा नाहीशा झाल्या होत्या. पहाटेच्या फेरीवर निघालेल्या हवालदार सुगिमोरीने त्या जागा पाहिल्या. भोकं मातीने नीट बुजवलेली होती.

तोक्योहून या टेकड्यांपर्यंत उपनगरी रेल्वे येणार होती. तिच्या आखणीच्या लाल खुंट्या मोजणीवाल्यांनी गावभर ठोकल्या होत्या, पण जात होत्या त्या फक्त तोसेआजीच्या मळ्यातल्या.

कुणाशी न बोलता तो तडक तिच्या घरी चढला. एकटी बाई. ओसरीवर बसायच्या चार गाद्या उन्हात टाकलेल्या, शेजारी चार पेले.

"रात्री काही आवाज आला, आजी?"

"इथे कसला आवाज येतोय? चहा घे."

निघताना त्याला आपले बूट स्वतःच फिरवून घालावे लागले.

गावाचा संशय कानबेवर होता. जमीन देणार नाही म्हणून त्याने भर सभेत आकांडतांडव केलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला आत टाका, असा वरून हुकूम होता. सुगिमोरीने त्याला त्याच्या शेतावर गाठलं.

"खुंट्या तू उपटल्यास?"

"उपटायच्याच तर माझ्या शेतातल्या उपटीन की. म्हातारीने कधीच जमीन दिलीय."

"मग भोकं कुणी बुजवली?"

"मी बुजवत बसेन, असा दिसतो का मी? कुणाचा पाय मुरगळेल याची काळजी असणारं माणूस शोधा."

परतताना सुगिमोरी वाटेतच थबकला आणि परत टेकडी चढला.

"आजी, खुंट्या कुठे आहेत?"

तोसेआजीने चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"सकाळी खुंट्या गेल्याचं फक्त मला ठाऊक होतं. तरी चार मोजणीवाल्यांच्या चार गाद्या तुम्ही आधीच बाहेर काढल्या होत्या. खुंटी गेली की ते परत येतात, दोन दिवस मोजतात, दुपारी इथे जेवतात. आणि पाहुण्याचे बूट दाराकडे फिरवून ठेवायचे, हे इथलं पाच वर्षांचं पोरही जाणतं. तुम्ही माझे फिरवले नाहीत. पाहुणा जावा, असं तुम्हाला वाटतच नाही."

"काम संपलं की ते पुढच्या गावाला जातील," ती म्हणाली. "मग या घरात कोण बोलणार?"

"कानबेला आज आत टाकतायत, आजी."

तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि फडक्यात बांधलेल्या खुंट्या आणून तिने त्याच्यापुढे ठेवल्या. एकटेपणाला कुठलं कलम लावायचं, हे सुगिमोरीला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ती वाकली आणि त्याचे बूट तिने दाराकडे फिरवून ठेवले.