तळहातावरचं दही

चंदीगडच्या थंडीत दही लागत नाही, हे साताऱ्याहून आलेल्या माणसाला कितीही सांगा, पटत नाही. सलोनीच्या आईचं तसंच झालं. आई, म्हणजे वीणा, भूलतज्ज्ञ. परदेशातल्या एका युद्धात, वाळवंटातल्या तंबूंच्या इस्पितळात काम करायला निघाली. निघताना तिच्या तळहातावर दही द्यायचं म्हणून सलोनीनं वाडग्यावरचं झाकण काढलं, तर आत नुसतं दूध!

"राहू दे गं. लागलं की दे," आई हसली आणि "येते" म्हणून जिना उतरली.

तेव्हापासून सलोनी रोज विरजण लावायची. वाडगा शालीत बांधून गीझरखाली ठेवायची. आता दही असं लागायचं, की वाडगा उपडा केला तरी हलू नये! फक्त रोज सकाळी मधोमध बोटभर दही गायब असायचं.

"मांजर," बाबा म्हणाले. श्यामकांत सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणं बनवायचे. जे मोजता येत नाही, ते त्यांच्या लेखी नव्हतंच.

"शालीची गाठ सोडतं, खातं आणि परत बांधून ठेवतं? वा! फारच शिस्तीचं मांजर!"

"मग तूच."

"खरंच मी नाही, बाबा!"

फोनवर आई म्हणायची, "इथे घरचं दही तेवढं नाही बघ. स्वप्नात मात्र रोज खाते."

सलोनीच्या अंगावर काटा यायचा. पण आई खातेय ना? मग झालं तर!

एका शुक्रवारी तिनं शाल सोडली. दही अख्खं होतं. त्यावर साधा ओरखडाही नव्हता.

म्हणजे आज आईनं खाल्लं नव्हतं. चमचाभर दही तिनं स्वतःच्याच तळहातावर घेतलं आणि दार उघडलं. बाहेर दाट धुकं होतं. जिन्याची पहिली पायरीही दिसेना. तिनं हात पुढे केला.

"आई, घे ना. तुझं राहिलं होतं."

धुकं हललं नाही.

तळहाताला बोटं लागली. कोरडी, खरखरीत.

हात रिकामा झाला.

दुपारी बातमी आली: त्या इस्पितळावर बॉम्ब पडला. बाबा अर्ध्या दिवसातच घरी आले. आईचा फोन लागेना.

"ती आहे, बाबा."

"कशावरून म्हणतेस?"

सलोनीनं उजवी मूठ घट्ट मिटली.

संध्याकाळी फोन वाजला. आईच होती. आवाज बसलेला.

"मी बरी आहे गं. सकाळी तंबूत एकटीच होते. एकाएकी हात चिकट झाला, पांढरं काहीतरी लागलेलं. धुवायला म्हणून टाकीपाशी गेले, आणि मागे तंबूच... आता घरी पाठवतायत मला. येते."

बाबा रडता रडता हसले. "हे कशानं मोजू गं मी?"

सलोनीही हसली. फोन डाव्या हातात धरून तिनं उजवा तळहात दिव्याखाली नेला. सकाळपासून कितीदा तरी धुतला होता. तरी रेषारेषांत वाळू होती. बारीक, तांबडी.

आणि अजून तापलेली.