प्रतिध्वनीचं प्रॅक्टिकल

दोन वर्षांपूर्वी लॅबच्या कपाटात एकाच सर्किट बोर्डावर दोघांचे हात पडले, तेव्हा हरेश्वर गुणवंतीला म्हणाला होता, "घ्या मॅडम… मी दुसरा शोधतो." तेव्हापासून त्याचं 'मॅडम' काही सुटलं नाही. परळच्या त्या कॉलेजात दोघंही कंत्राटी शिक्षक. आवाजाचे आकडे करून ते चिमुकल्या चिपवर कसे खेळवायचे, ते मुलांना शिकवायचे.

गुणवंती थकली होती. दिवसभर लॅबमध्ये ओरडायचं, घरी बाबांशी ओरडायचं. बाबुरावांचे कान गिरणीतल्या साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने नेले आणि नोकरी संपाने. आता तिला पुण्याच्या एका कॉलेजातून बोलावणं होतं, तेही कंत्राटीच. होकार उद्या कळवायचा. लालबाग सोडायचं म्हटलं की बाबा जेवत नसत. कुणीतरी एकदा 'थांब' म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. आणि तो कुणीतरी तोंडाला कुलूप लावून बसलेला!

आज प्रतिध्वनीचं प्रॅक्टिकल होतं. माइकमध्ये बोललेलं बोर्ड क्षणभर धरून ठेवतो आणि स्पीकरमधून पुन्हा पुन्हा ऐकवत राहतो. दर फेरीला आवाज कमी करत न्यायचा. ते राहिलं तर तो विझतच नाही. मुलं हमखास विसरतात.

संध्याकाळी विसरलेला डबा घ्यायला ती परतली, तर रिकाम्या लॅबमधून आवाज…

"गुणवंती, थांब ना… गुणवंती, थांब ना…"

हरेश्वर स्पीकरवर दोन्ही हात दाबून उभा. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"मुलांकडून… कमी करायचं राहिलं, मॅडम. मी नुसता बोर्ड तपासत होतो."

"बोर्ड तपासायला सगळे 'हॅलो' म्हणतात, सर."

"हॅलोनं… तुम्ही थांबला असता?"

तिला हसू आलं, डोळेही भरले. बटणाकडे गेलेला त्याचा हात तिने धरला. "राहू दे. माइकला सांगितलंस, आता बाबांना सांग."

"आजच सांगतो."

"हळू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही हं!"

तासाभराने चाळीच्या गॅलरीत हरेश्वर बाबुरावांसमोर उभा राहिला आणि ओरडला, "गुणवंतीला पुण्याला पाठवू नका! मला तिच्याशी लग्न करायचंय!"

दारं उघडली. शेजारच्या सुंदराबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. बाबुरावांनी कानामागे हात धरला. "काय?"

तो पुन्हा ओरडला, आणखी मोठ्यानं.

"काय म्हणालास?"

बाबांच्या मिशीतलं हसू गुणवंतीला दिसलं. ती उंबऱ्यावर टेकली, चपला काढल्या, पाय पसरले. कितीतरी वर्षांनी तिच्या वाटचं दुसरं कुणीतरी ओरडत होतं.