उजव्या पंखाचं पीस

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर द्या सोडून. पण हे घडलंय. पूर्व जावात, नगांजुकजवळच्या एका गावात, गेल्या कोरड्या हंगामात, ऐन दिवेलागणीला.

त्या गावात घरोघरी बॅडमिंटनची फुलं बनतात. तिथली आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच फुलांवर वाढली. सुरुवातीला ती तंबाखूच्या गोदामात व्हायची. वाऱ्याने फूल भरकटू नये म्हणून दारं लावून घ्यायचे, आणि डेन्मार्कचे गोरे खेळाडू आत भाजून निघायचे. पुढे पक्का हॉल झाला. मलेशिया, थायलंड, जपानचे लोक येऊ लागले. एवढ्या वर्षांत गावचा म्हणावा असा एकच पोरगा अंतिम सामन्यात पोचला. कुंचोरो. रुबिनेम इबूचा, म्हणजे रुबिनेमबाईंचा, एकुलता एक.

तो हरला.

शेवटच्या गुणाला त्याने फूल वर धरून पंचाला दाखवलं. हे डगमगतंय, बदला. पंच नाही म्हणाला. कुंचोरोने मारलं... आणि फूल रेषेबाहेर गेलं.

नाचता येईना अंगण वाकडं, लोक म्हणाले. मग म्हणाले, पोराने सामना विकला. आईनेही ते खरं मानलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. तो नदीवर वाळू काढायला जाऊ लागला. एक दिवस नदीतच राहिला.

खरं काय ते रुबिनेमबरोबर फुलं बनवणाऱ्या एकट्या वारसितीला ठाऊक होतं.

एका फुलाला सोळा पिसं लागतात, सगळी बदकाच्या डाव्या पंखाची. एक जरी उजव्याचं शिरलं तरी फूल डगमगतं. रुबिनेम पिसं निवडायची, वारसिती ती बुचात खोवायची. स्पर्धेच्या घाईत एक पीस कमी पडलं. वारसितीने टाकाऊ पिसांच्या ढिगातलं उजवं उचललं आणि लावून टाकलं. एका पिसाने काय होतंय!

नंतर तिची दातखीळच बसली.

गेल्या हंगामात स्पर्धा सुरू होताना गावच्या भोंग्यावर स्पर्धेचा इतिहास सांगितला. कोण आलं, कोण जिंकलं... आणि आपल्याच पोराने विकलेला सामना. लोक हसले. वारसिती भरल्या ताटावरून उठली.

त्याच संध्याकाळी ती निवडलेली पिसं आणायला रुबिनेमकडे गेली. मगरिबची, सूर्यास्ताची बांग होऊन गेली होती. पोरंटोरं घरात. अंगण रिकामं.

टप्प...

रॅकेटचा आवाज.

टप्प...

कुणीच नव्हतं. एक फूल मात्र हवेतून डगमगत आलं आणि पायरीवर पडलं. तिने ते उचललं. एक पीस... उलट्या वळणाचं.

आत रुबिनेम जेवण वाढत होती. भात, सोयाबीनचं टेम्पे, तिखट सांबाल चटणी. एकटीचं घर, आणि ताटं दोन.

"कुंचोरो येतो गं रोज," ती शांतपणे म्हणाली. "एवढंच विचारतो, आई, उजवं पीस कुणी लावलं? मी म्हणते, माझ्याच हातून गेलं असेल रे. निवडणारी मीच ना?"

वारसितीला राहवेना. माझं पाप या म्हातारीने का पदरात घ्यावं?

"इबू, ते मी लावलं होतं. त्याने काही विकलं नव्हतं."

रुबिनेमने दुसरं ताट झाकून ठेवलं.

बाहेरचा आवाज थांबला.

वारसितीने दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून गावालाही सांगितलं. लोकांनी तोंड फिरवलं, तिने ते सोसलं. तिला वाटलं, चला, सुटले एकदाची.

पण त्या सांजेला... तिच्याच अंगणात...

टप्प.

आता तो तिच्याकडे येतो. विचारत काही नाही. विचारायचं राहिलंय काय?

रुबिनेमकडे मात्र तो पुन्हा गेला नाही. तेव्हापासून म्हातारी रोज दिवेलागणीला झाकलेलं ताट घेऊन वारसितीच्या पायरीवर येऊन बसते. तिला आता त्याचं काहीच ऐकू येत नाही.

"आला का गं?" ती विचारते. "आत्ता कुठे बोलायला लागला होता माझ्याशी."

टप्प...

अगदी तिच्या ताटाशेजारी.

आलाय, पण तुझ्याकडे नाही, हे या म्हातारीला कुठल्या तोंडाने सांगायचं? वारसिती मान वर करत नाही.

"नाही, इबू," ती म्हणते.