ठासून भरलेल्या कुप्या

"शास्त्र करताय की शेवया वळताय, चाफेकरबाई?" संस्थेचे संचालक डॉ. शशिशेखर पाळंदे यांनी चिमट्यातली पेशीकुपी प्रयोगशाळेच्या दिव्याखाली धरली. मधुमेह्यांच्या पोटात बसवायची, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची, सुतासारखी बारीक, अर्धपारदर्शक नळी. "एवढ्याशा पेशींनी काय होणार? रुग्णाची सुई काही सुटत नाही."

"कमी होते, सर," डॉ. उत्तरा चाफेकर म्हणाली. "कुपीच्या भिंतीतून साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं. शरीराच्या सैनिक-पेशी आत शिरू शकत नाहीत, म्हणून परक्याच्या पेशीही सुखरूप राहतात. पण रक्तवाहिन्याही शिरत नाहीत. प्राणवायू झिरपेल तेवढाच. गर्दी केली तर मधल्या पेशी गुदमरतील."

पाळंद्यांना हसू आलं. भित्र्या माणसांचं विज्ञान असंच, चमच्याचमच्यानं. त्यांना रुग्णांचीही किळस येई: समारंभात कोपऱ्यात जाऊन सुई टोचायला सदरा वर करणारे, पेढ्यांकडे लाचारीनं बघणारे. ते स्वतः शाळकरी वयापासून मधुमेही होते. संस्थेत हे एकट्या उत्तराला ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठी त्यांनी तिला कधी माफ केलं नाही.

त्यांनी जाड कुप्या करवून घेतल्या. दसपट पेशी ठासून भरल्या आणि उत्तराकडूनच स्वतःच्या पोटात बसवून घेतल्या.

सुई सुटली. पाळंदे परिषदांतून ताठ मानेनं हिंडले, सावध शास्त्रज्ञांची जाहीर टर उडवली. मग साखर चढू लागली. त्यांनी आधी साखर मोजायच्या यंत्राला दोष दिला, मग आचाऱ्याला. शेवटी उत्तरानं दुर्बिणीतून पोट तपासलं. कुप्यांच्या जागी पांढऱ्या, टणक गाठी होत्या.

"म्हणजे तुमची भिंत फुटली!"

"भिंत शाबूत आहे. मधल्या पेशी गुदमरून मेल्या. इन्सुलिन ज्या छिद्रांतून येतं, त्यांतूनच मेलेल्यांचे तुकडे झिरपले. शरीर चवताळलं. आत शिरता येईना, म्हणून त्यानं कुप्यांभोवती जाड आवरण विणलं. कडेच्या जिवंत पेशीही त्यात कोंडून मेल्या."

"काढून टाका. नव्या घाला. हव्या तर विरळ भरा."

"त्या आतड्याला चिकटल्यात. आणि तुमचं शरीर आता जागं झालंय, सर. नवी कुपी दिसली की तिलाही ते बहुधा गाडूनच टाकेल. मग आत कितीही थोड्या पेशी असोत."

कुणाला तुच्छ लेखावं, तेच पाळंद्यांना सुचेना.

बाहेर पुढचा रुग्ण थांबला होता. उत्तरानं हातमोजे काढले आणि ती निघून गेली.