कोरी डिस्क

"पावणं, बूट भायेर!"

मी ओरडले तसा तो दारातच थबकला. काखेत टॉवेलात गुंडाळलेला खोका, केसांतून पाणी निथळतंय, आणि बूट काढले तर एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावतोय... मला फस्सकन हसू फुटलं. माझी थोरली बहीण, प्रीतीताई, उन्हाळ्यात काविळीनं गेली, त्यानंतर मी हसले ती त्याच दिवशी.

"सर्व्हर बघायला आलोय. प्रसेनजीत. उचगावचा."

"सकाळधरनं बोंबलतोय तो, आणि तुम्ही आत्ता येताय व्हय?"

"डिस्क भिजू नये म्हणून टॉवेल तिला दिला, मॅडम. मी भिजलो."

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीला सोमवारची सुट्टी. भट्टी थंड, वाळूच्या ढिगांवर ताडपत्री, गेटवर एकटा वॉचमन. मी ड्रॉइंग ऑफिसात कामाला. सर्व्हरच्या खोलीची किल्ली माझ्याकडं, म्हणून यावं लागलेलं. कास्टिंगची सगळी ड्रॉइंगं त्या एका सर्व्हरवर होती.

"सगळं गेलं का हो?"

"काय न्हाई गेलं. आत दोन डिस्क हायत. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर, मिरर म्हणत्यात त्याला. एक मेली, दुसरी सांभाळतीय." त्यानं मेलेली डिस्क अलगद उपसून बाजूला ठेवली आणि नवी आत सरकवली. "आता जिवंत कुठली नि कोरी कुठली, हे नीट बघायचं. उलटं केलं तर कोरं सगळ्यावर उतरतंय, मग तुमचीबी नोकरी जाती नि माझीबी. तुम्ही डिस्कवरचा नंबर वाचा."

मी वाकून वाचला. तो स्क्रीनवर बोट ठेवून ताळा करत होता.

"परत एकदा."

"वाचला की!"

"व्हय... आवाज चांगला हाय म्हणून."

"काय तरीच!" मी म्हटलं, पण परत वाचला.

नव्या डिस्कवर किती उतरलं ते दाखवणारी पट्टी पडद्यावर मुंगीच्या पावलांनी सरकायला लागली. मी म्हटलं, "जरा फास्ट लावा की त्याला."

"फास्ट लावलं तर तुमची ड्रॉइंगं उघडायला वेळ लागंल."

"आज सुट्टी हाय. कोण उघडतंय ड्रॉइंग?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मग... हळूच बरं हाय."

हळूच बरं होतं.

त्या दुपारी आम्ही माझा डबा अर्धा अर्धा खाल्ला. मी त्याला ताईचं सांगितलं. तिची दीड वर्षांची लेक, जिला आम्ही सगळे लाडानं आक्का म्हणायचो, आमच्याकडंच होती आणि माझ्या खांद्याशिवाय झोपत नव्हती, तेही सांगितलं. त्यानं उगाच समजूत काढली नाही. नुसता ऐकत राहिला, आणि मला किती दिवसांनी हलकं वाटलं.

निघताना अंदाज घेत हळूच म्हणाला, "जयभीम."

"जयभीम," मी म्हटलं.

"आयला! मग घरात सांगायला सोपं—" आणि जीभ चावून पावसात पळाला.

त्यानंतर दर सोमवारी 'मिरर नीट हाय का बघाय पायजे' म्हणून स्वारी हजर. मिररला काय धाड भरली होती! आम्ही फाट्यावरच्या गाड्यावर चहा प्यायचो. एका सोमवारी त्यानं कपाकडं बघतच सांगितलं, "तू मला आवडतीस. आता तू न्हाई म्हण, न्हाईतर व्हय म्हण... पण चहा गार व्हायच्या आत म्हण." मी व्हय म्हटलं. त्या आठवड्यात मी ड्रॉइंगमध्ये दोनदा चुका केल्या आणि दोन्ही वेळा एकटीच हसले.

मग एका रविवारी जेवताना आण्णांनी, माझ्या वडलांनी, माझ्या लग्नाचा विषय काढला. गडहिंग्लजचे संघर्ष दाजी, ताईचे मिस्टर. "परकी आली तर पोरीचे हाल व्हतील, साक्षी. तू गेलीस तर तिला आई मिळंल." आई ताट पुढं ठेवून रडत होती. दाजी माणूस वाईट नव्हते, हेच वाईट होतं. शिव्या तरी कुणाला घालायच्या?

प्रसेनजीतला सांगितलं तर तो क्षणभरही थांबला नाही. "आक्काला घिऊन ये. मी बाप हुतो तिचा."

ते ऐकून मला इतका धीर आला, की दाजी भेटायला आले तेव्हा मीच सरळ विचारलं, मी दुसरीकडं लग्न करून आक्काला नेलं तर चालंल का. ते आक्काला दूधभात भरवत होते. त्यांचा हात तिथंच थांबला.

"तिचं एवढंच राहिलंय गं माझ्याकडं," ते म्हणाले. "तू लग्नाला नको म्हण. मी कुणालाच कायबी बोलणार न्हाई. पण पोरगी मला दे."

आणि त्यांनी तिला उचललं. आक्का पाठीमागं वाकली, दोन्ही हात माझ्याकडं पसरले आणि अशी रडली की तिचे ओठ निळे पडले. मी तिला घेतलं. घेतलं आणि सगळं ठरलं.

पुढच्या सोमवारी तो सर्व्हरसमोर बसला होता, मी दारात उभी.

"नव्या डिस्कवर आधीचं काय असलं तर?" मी विचारलं.

"पुसून जातंय."

"तिला विचारत न्हाईत?"

त्याला कळलं. मान वर करवेना त्याला. तसाच खाली बघत म्हणाला, "मी थांबू?"

"थांबू नको. तुझी आई पोरी बघतीय न्हवं तुझ्यासाठी? व्हय म्हण."

"तू रडू नको, मग म्हणतो."

मला ते काही जमलं नाही. त्यालाही नाही. शेवटी तोच उठला, बूट घातले आणि गेटकडं गेला. वळून बघितलं असतं तर मी धावत गेले असते... हे त्याला माहीत होतं, म्हणून तो वळला नाही.

दिवाळीआधी दाजींशी लग्न झालं. आईनं मला ताईच्या लग्नातलीच पांढरी साडी नेसवली. बुद्धवंदना झाली, आक्का माझ्या मांडीवर झोपली, बायका म्हणाल्या, पोरीचं नशीब चांगलं.

गडहिंग्लजला मला महिना झाला असेल. सकाळची गडबड. दाजींना एसटी गाठायची होती. दारातून त्यांनी हाक मारली, "प्रीती, डबा झाला का गं?"

मग त्यांनाच कळलं. चौकट धरून उभे राहिले.

"झाला की," मी म्हटलं, आणि डबा हातात दिला.

ते गेल्यावर मी मोरीत गेले, नळ सोडला, आणि माझं नाव एकदा मोठ्यानं घेतलं. साक्षीऽ... प्रसेनजीत घ्यायचा तसं, शेवटचं अक्षर लांबवून. तेवढ्यात आत आक्का उठून रडायला लागली. मी नळ बंद केला आणि तिच्याकडं गेले.